दोन तासांचं सासर

मावशीच्या लेकीला स्थळ आलं तेव्हा घरातले सगळे म्हणाले, फार लांब पडेल. एकटी मावशीच म्हणाली, "लांब कसलं? विमानानं दोन तास. मनात आलं की निघाले!"

विमानतळावर म्हाताऱ्या-आजाऱ्यांना चाकाच्या खुर्चीतून ढकलत नेण्यात तिचा जन्म गेला होता. विमानं रोज नाकासमोरून सुटायची, त्यामुळे दोन तास तिला शेजारच्या गल्लीसारखे वाटायचे. पण तिचं तिकीट कामगारांचं, सवलतीचं. सगळे चढून एखादी जागा उरली तरच बसायला मिळणार. लग्नाला चार वर्षं झाली, जागा एकदाच उरली. एरवी बस, तिला अख्खी रात्र पुरत नाही, वर दुसरा अर्धा दिवस.

आज मात्र जायलाच हवं होतं. लेकीच्या पोटात बाळ आडवं होतं, उद्या सकाळी ऑपरेशन. जावई जहाजावर. "आत नेतील तेव्हा तू समोर हवीस," लेकीनं बजावलं होतं.

संध्याकाळच्या शेवटच्या विमानाच्या दारापाशी मावशी पिशवी मांडीवर घेऊन बसली. पोटऱ्या ठणकत होत्या. मनात देवाचं नाव चाललं होतं.

"देव पावला, मावशी," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "एकच माणूस यायचा राहिलाय. नाही आला तर तुम्हीच."

"न येवो असं कसं म्हणू गं," मावशी म्हणाली. पण मनात म्हणून झालं होतं.

तेवढ्यात तपासणीकडून निरोप आला. याच विमानाचे एक आजोबा अडकलेत, पायाला प्लास्टर आहे, खुर्ची न्यायला कुणी मोकळं नाही. मुलीनं मावशीकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली. नुसतं बसून राहिलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं.

"पिशवीकडे बघ," म्हणत मावशी उठली.

"अहो बाई, हळू! दुसरा पायही मोडाल!" आजोबा वाटेत ओरडले.

"घट्ट धरा नि गप्प बसा. माझ्या जागेवर बसवायला निघालेय तुम्हाला."

आजोबांना ती थट्टा वाटली. ते हसले. मावशीनं त्यांना जागेवर बसवलं, पट्टा लावून दिला आणि रिकामी खुर्ची घेऊन परतली.

"सकाळचं विमान?"

"भरलंय, मावशी."

ती त्याच खुर्चीत टेकली आणि फोन लावला.

"विमान नाही मिळालं गं. बसनं येते."

पलीकडे लेकीनं तास मोजले. मग, "म्हणजे दुपार."

"दुपार. तुला जाग येईल तेव्हा उशाशी मीच असेन. आत जाताना देवाचं नाव घे. माझ्यावर खुशाल रागाव."

"रागावलेच आहे," लेक म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. "वाटेत काही खा. उपाशी येऊ नकोस."

मावशीनं खुर्ची जागेवर लावली, पिशवी खांद्याला अडकवली आणि बसस्टँडच्या रस्त्याला लागली.