वेशीवरचे तीन प्रश्न

सिंगापुरात चार मराठी घरं जमली की आधी डबे उघडतात, मग पासचे, म्हणजे इथे राहून काम करायच्या परवान्याचे, किस्से! कोणाचा रिन्यू झाला, कोणाचा अडकला. आमच्याकडे त्यात भर माझ्या बायकोची. शीतल युरोपातल्या जुन्या शहरांवर पीएचडी करते. ही शहरं परक्या गरिबांना कशी वागवायची, हा तिचा विषय.

एका शनिवारी ती म्हणाली, "वेशीवरचा पहारेकरी येणाऱ्याला तीनच प्रश्न विचारायचा. कुठून आलात? इथे कोणाला ओळखता? किती दिवस राहणार?"

"वहिनी, हा तर आमच्या एचआरचा फॉर्म!" मंदार म्हणाला. मंदार म्हणजे वन-नॉर्थच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा, वुडलँड्सला राहणारा, सगळ्यात हजरजबाबी माणूस.

*

मग बिल्ल्यांची गोष्ट निघाली. शहर आपल्या गरिबांना कथिलाचा बिल्ला द्यायचं, तो छातीवर लावूनच भीक मागायची. बिल्ला नसेल तो शहराबाहेर!

"काय बाई एकेक रीत," मंदारची बायको केतकी हळहळली.

त्या दिवशी सुट्टी असूनही ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता, मी आणि मंदार थेट तिथूनच आलो होतो. सगळे आमच्या गळ्यातल्या कार्डांकडे बघायला लागले. मंदारने आपलं हळूच शर्टात सरकवलं.

*

पुढच्याच महिन्यात त्याची नोकरी गेली. पास रद्द, नवी नोकरी शोधायला नाहीतर देश सोडायला तीस दिवसांची मुदत. केतकीचा पासही त्याच्याच पासला बांधलेला. आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्याने ताट बाजूला सारलं.

"वहिनी, तुमच्या त्या लोकांना किती मुदत मिळायची?"

शीतल चाचरली. "कधीकधी... सूर्यास्तापर्यंत."

"म्हणजे प्रगती आहे म्हणायची!"



*

त्यात त्यांच्या फ्लॅटचं लीज संपलं. मीच म्हटलं, चला आमच्याकडे सेंगकांगला. आणि तेव्हाच शीतलने सांगावं, की शहराला न कळवता परक्याला घरात ठेवलं तर त्या काळी ठेवणाऱ्याला दंड व्हायचा! माझी झोप उडाली.

आमची घरमालकीण, चिनी आंटी, अधूनमधून येते आणि बेल वाजवण्याआधी दाराबाहेरच्या चपला मोजते. म्हणून मंदारने दोघांच्या चपला पिशवीत भरून पलंगाखाली ठेवल्या. आंटी आली, चपला मोजल्या, समाधानाने मान डोलावली.

"आंटी, दे हाइड द स्लिपर्स लाह!" आमची सहा वर्षांची कन्या म्हणाली.

मंदार पांढराफटक पडला. आंटी त्याच्याकडे बघत राहिली. "हाऊ मेनी डेज?"

"टू वीक्स, आंटी."

"गेस्ट कॅन. लाँग लाँग कॅनॉट." पाहुणे चालतील, मुक्काम नाही, एवढंच बजावून ती लिफ्टकडे गेली. त्यानंतर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला तरी मंदार उठून उभा राहायचा.

*

सत्ताविसाव्या दिवशी त्याला नोकरी मिळाली! केतकी रडली, मग आम्ही सगळेच रडलो. नवा पासही आला. नवं घर मिळेपर्यंत दोघं आमच्याकडेच होते.

त्याच आठवड्यात आमच्याच ऑफिसच्या दुसऱ्या टीममधल्या एकाची नोकरी गेली. मंदार त्याला ओळखत नव्हता. मी त्यालाही म्हटलं, बायकोला घेऊन ये, होईल काहीतरी.

रविवारी सकाळी बेल वाजली. मी पोहे परतत होतो, म्हणून मंदार गेला. त्याने लाकडी दार उघडलं. बाहेरच्या लोखंडी जाळीला मात्र कुलूप तसंच होतं. जाळीपलीकडे दोघं नवरा-बायको, दोन बॅगा घेऊन उभे.

जाळीची किल्ली मंदारच्या हातातच होती.

"कुठून आलात?" त्याने विचारलं. "इथे कोणाला ओळखता?"

आणि मग, "किती दिवस राहणार?"