जोडीबुवाची डावी चौकट

जोडीबुवा एकटं वाक्य कधी बोलत नसे. "ऊन तापलं" म्हणाला की लगेच "सावली निवली" म्हणायचा, मगच पाणी मागायचा. अमरावतीत कापसाला सोन्याचे दिवस आले होते, सारं गाव भाव बोलत होतं, आणि हा गडी शब्दांच्या बैलजोड्या जुंपत बसे.

तरुणपणी तो मुंबईच्या एका शेटजीच्या कापसाच्या गाठींबरोबर जहाजानं चीनला जाऊन आला होता. तिथून आणली काय, तर एक खोड! तिकडे म्हणे दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर एकेक ओळ लावतात. "नावासमोर नाव, कामासमोर काम," तो सांगे. "अन् एकीचा सूर चढला, त दुसरीनं उतरून बसा लागते. दोघीबी चढल्या त भांडण होते!"

त्याच्या दाराला उजवीकडे ओळ होती, 'ढग वर एकटा फिरते'. डावीकडे कोरा कागद. दुसऱ्या कुणी ती जुळवल्याशिवाय बायको आणायची नाही, असा त्याचा पण. कुठल्या मुहूर्तावर केला देव जाणे! पुढे भाजीवाली गिरजा त्याच्या मनात भरली. ती विधवा, पाट लावायला राजी, हा चाळिशीचा सडाफटिंग, आणि मध्ये आडवी ती ओळ.

आम्ही शेजाऱ्यांनी डोकी झिजवली. कचेरीतल्या पुणेरी कारकुनानं तर 'फिरते' खोडून 'फिरतो' केलं. "ढग पुल्लिंगी आहे हो!"

"आमच्या वऱ्हाडात ढगबी फिरते अन् बाईबी फिरते!" म्हणत बुवानं नवा कागद डकवला.

एका सकाळी गिरजा टोपली घेऊन आली. नांदगावच्या भावानं तिच्यासाठी दुसरी सोयरीक पाहिली होती, सोमवारी ती जाणार होती. बुवानं केविलवाणं तोंड करून, सूर चढवून, ओळ पुन्हा म्हटली. तिनं टोपली आदळली.

"ढग ढग काय करून राहिले तुमी? रोज भाकर कोन आणते तुमाले?" मग थकून हळूच म्हणाली, "बाई खाली दोघांचं रांधते."

बुवा बोटांवर जुळवू लागला. "ढग, बाई. वर, खाली. एकटा, दोघांचं. फिरते, रांधते... अन् सूर उतरला! उतरला हो!" तो नाचता नाचता वांगी तुडवत सुटला. कारकूनसुद्धा नाचला. डाव्या कोऱ्या कागदावर गिरजाची ओळ चढली, आणि सोमवारी पाट लागला.

बुवा गेला त्याला बरीच वर्षं झाली. मला त्याची फार आठवण येते. परवा त्या दारावरून जात होतो, तर गिरजावहिनींनी जेवायला हाक मारली. दोन ताटं वाढलेली होती. मी म्हटलं, "कशाला त्रास?"

डाव्या चौकटीकडे बोट करत त्या म्हणाल्या, "मंग, तो कागद खोटा पाडू काय मी?"

मी पाटावर बसलो.