दुसऱ्यांदा न विचारणारी जिजी

जिजीच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले आणि उपाशी परत आले. तिनं शेंगोळे केले होते. हुलग्याच्या पिठाचे, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेले. मी रीतीप्रमाणे सुरुवातीला थोडेच घेतले. पुढे आग्रह होणार, त्याला पोटात जागा नको का? जिजी पातेलं घेऊन आली. "अजून वाढू?" "नको नको, पुरे," म्हणत मी ताटावर हात आडवा धरला, बोटं अर्थातच फाकवून. "बरं," म्हणून जिजीनं पातेलं ओट्यावर नेलं आणि वर झाकण ठेवलं. त्या संध्याकाळी मी घरी येऊन दूध-पोळी खाल्ली.

आपल्याकडे पहिलं 'नको' हे संस्कार असतात, दुसरं म्हणजे पोटाचा अंदाज, आणि तिसऱ्यांदा विचारलं की ताट आपोआप पुढे सरकतं. अख्खा जिल्हा या शिस्तीत जेवतो. भिंगारमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या जिजीला ही शिस्त मान्य नव्हती. "एकदा इचारलं. मानूस काय बहिरं हाय का?" एवढंच तिचं म्हणणं.

या बंडामागे तिचं श्रीगोंद्याचं सासर होतं. तिथं ऊसतोडीच्या दिवसांत घरात रोज पंगत. "पावनं नको म्हनायचं, सासूबाई वाढा म्हनायच्या, आन् पावनं तेच ताटात टाकून उठायचं," जिजी सांगायची. "मागनं आमी बाया बसलो की निस्ता रस्सा. तवाच ठरवलं, माज्या घरात नको म्हंजी नको." हे ती हसत हसत सांगायची, दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तसं. पुढे नवऱ्याला लष्कराच्या वर्कशॉपात नोकरी लागली, ती भिंगारला आली आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात तिनं हा कायदा लागू केला. नवरा गेला, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, कायदा राहिला.

शनिवारी संध्याकाळी तिचं दार उघडं असे. बोलावणं कुणालाच नाही. आलात तर हात धुऊन बसा आणि शेंगोळे वळा. माझे सगळे एका मापाचे असत. मागच्या गल्लीतल्या नसीमभाभींचे कुठे डुलासारखे, कुठे नुसतेच गोळे. जिजी सगळे एकाच रश्शात सोडायची. "पोटात गेल्यावर वळखू येत्यात का?" हा कारभार जरा सुधारावा म्हणून मी एकदा कुणी काय आणायचं याची नीट यादी करून नेली. जिजीनं ती पूर्ण वाचली, अक्षराचं कौतुक केलं आणि ओटा पोळू नये म्हणून गरम कढईखाली ठेवली. "कागद जाड हाय, बेस झालं," म्हणाली.

नसीमभाभींच्या घरचा आग्रह आमच्यापेक्षाही जबर. जुन्या बाजारात त्यांचं दुकान, घरात माणसांची सतत ये-जा, आणि पाहुणा हात जोडेपर्यंत वाढत राहायचं ही पद्धत. पहिल्या शनिवारी त्या "बस, बस" म्हणाल्या आणि जिजी थांबली. नसीमभाभींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग स्वतःच उठून पातेलं ओढलं.

"जिजी, मी तकल्लुफ करत होते."

"मग तकल्लुफच खा की. शेंगोळं कशाला मागतीस?"

त्या दिवसापासून नसीमभाभी तिच्या पट्टशिष्या झाल्या.

आम्हा दोघींना मात्र बाहेर कुठं जायची सोय राहिली नाही. केडगावला माझ्या चुलतबहिणीनं दारातच "आता जेवूनच जा" म्हटलं आणि मी पहिल्याच फटक्याला "बरं" म्हणाले. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. घरात काहीच केलेलं नव्हतं. तिनं फक्त रीत पाळली होती. शेवटी पोहे झाले. ते खाताना तिनं मला एकदाही 'अजून घे' म्हटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात जिजी स्वयंपाकघरात घेरी येऊन पडली. हाड मोडलं नाही, पण मुलानं धीर सोडला. "आई, आता इकडंच ये," हे तो दर रविवारी फोनवर म्हणायचाच. आता रोज म्हणू लागला. "पोटचा पोरगा, पन 'नको' त्येला कळत न्हाई," अशी जिजीची तक्रार असे. आणि एका शनिवारी पीठ मळता मळता तिनं सांगून टाकलं, "म्हैन्याच्या शेवटी जाते पुन्याला."

नसीमभाभींनी माझ्याकडे पाहिलं. मी तयारीनंच आले होते. रात्री सोबतीला कोण, दवाखान्यात कोण नेणार, सगळं मी ठरवून ठेवलं होतं. "जिजी, इथंच राहता का? आम्ही बघू तुमचं सगळं."

"न्हाई. जाते," जिजी म्हणाली.

एक प्रश्न, एक उत्तर. त्या घरात याउपर बोलायची सोय नव्हती. आम्ही खाली मान घालून वळत राहिलो. माझा एक शेंगोळा मापाबाहेर लांब झाला, तो मी तसाच ताटात टाकला.

"जिजी, राहा ना," मी म्हणाले.

जिजीचा हात थांबला. "दुसऱ्यांदा इचारलंस."

"हो."

"मग आता म्या काय म्हनायचं असतं?"

मी पुढचा शेंगोळा वळायला घेतला. नसीमभाभींनीच सांगितलं, "दुसऱ्यांदा पण नकोच म्हणायचं, जिजी. तिसऱ्यांदा हो."

जिजीनं हाताचं पीठ ताटाच्या काठाला पुसलं. कितीतरी वेळ ती पुसत होती. मग म्हणाली, "मग तिसऱ्यांदा इचारू नगा."

आम्ही विचारलं नाही.

मुलगा गाडी घेऊन आला. भला माणूस. "पुण्याला या हं. नक्की या. यायलाच पाहिजे," असं तो सामान चढवताना, दार लावताना आणि गाडी चालू करताना म्हणाला, आणि आम्हीही प्रत्येक वेळी "हो हो, येऊ की" म्हटलं. जिजीनं मागची काच खाली केली.

"शनिवारी येता का?"

"हो," आम्ही दोघी म्हणालो.

शनिवारी दुपारी आम्ही पुण्याला त्यांच्या दारात उभ्या राहिलो, तेव्हा मुलगा चांगलाच गडबडला. सून घाईघाईनं म्हणाली, "अहो, आधी फोन तरी करायचा, काहीतरी करून ठेवलं असतं." आतून जिजीचा आवाज आला, "पीठ मळून ठिवलंय. हात धुवा."