माती माझी हवी

नाना, म्हणजे माझे वडील, देवासला आमच्याकडे आले ते पंधरा दिवसांसाठी. तशी अट घालूनच आले. आई गेल्यापासून ते धारच्या घरी एकटे राहत होते. एका सकाळी न्हाणीघरात पडले आणि दुपारपर्यंत तसेच पडून राहिले. शेवटी शेजारच्या भाभींनी कडी तोडवली. मी गाडी घेऊन गेले आणि त्यांना उचलूनच आणलं म्हणा ना. त्यांना परत त्या रिकाम्या घरात पाठवायचं नाही, हे मी वाटेतच ठरवलं होतं. ते फक्त त्यांना सांगितलं नव्हतं.

आता त्यांची अडचण ऐका. लेकीच्या घरी बापाने मुक्काम टाकायचा नाही, अन्न तर शक्यतो घ्यायचंच नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहून ती आणखीच कडक झालेली. नाना दीड पोळी खायचे आणि ताटावर हात आडवा धरायचे. जावयाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आग्रह केला तर म्हणायचे, "पाहुण्याने पोट बघून जेवू नये, अहो." महिनाभरात त्यांची गालफडं बसली. पंधरा दिवसांचा महिना कसा झाला ते विचारू नका. मी डॉक्टरांच्या तारखा पुढे ढकलत होते.

मग मी डाव टाकला. "नाना, गच्ची रिकामी आहे. तुम्ही पिकवाल ते तर तुमचंच. ते खाल की नाही?"

त्यांनी न्यायाधीशासारखा वेळ घेतला. "बी माझं, राबणं माझं. पण मातीही माझी हवी. मग खाईन."

झालं. तिरल्याजवळच्या त्यांच्या शेतातून चार पोती काळी माती आली. जन्मभर शाळा सांभाळून त्यांनी ती कसली होती. रंगाच्या आठ बादल्यांना मी तापलेल्या सळईने भोकं पाडली. नानांनी ढेकळं हाताने फोडली, गळ्यापर्यंत माती भरली आणि भिजवलेली मेथी पेरली. चौथ्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. मी नवऱ्यासमोर अशी ऐटीत फिरले, की जणू ते मीच उगवून आणले होते.

दहाव्या दिवशी मेथी पिवळी पडली. पाणी वरच तुंबायचं. ते आटलं की माती विटेसारखी घट्ट व्हायची आणि तिला बोटभर भेगा पडायच्या. नाना बादलीशेजारी उकिडवे बसून त्या भेगांमध्ये बोट घालून पाहत होते. अख्ख्या धारमध्ये ज्यांच्या मेथीला तोड नव्हती, त्यांना एक बादली साधेना.

"मंगळवारच्या बसने जातो," ते म्हणाले. "मातीला पण इथं करमत नाही."

सोमवारी मी त्यांना तुळशीचं रोप आणायला म्हणून नर्सरीत नेलं. पर्समध्ये त्या मातीचं एक ढेकूळ होतं. नर्सरीवाल्याने ते बोटांत चुरलं आणि वास घेतला.

"खेत की है ना, बाबूजी? एक नंबर मिट्टी है. पर खेत में पानी को नीचे जाने की जगह है. बाल्टी में कहाँ जाएगा बेचारा?"

आता नाना भडकणार, असं मला वाटलं. माफीची वाक्यंही मी मनात जुळवून ठेवली होती. नानांनी खिशातून चष्मा काढला.

"तो फिर क्या डालना, भिया? ठीक से बताइए. मुझे बाल्टी का कुछ नहीं आता."

पंच्याहत्तरी ओलांडलेल्या मास्तरांचा तो स्वर मी आयुष्यात प्रथम ऐकला. मी तुळशीच्या रोपांकडे वळले आणि बराच वेळ तिथेच पाहत राहिले.

एक हिस्सा माती, एक हिस्सा कुजलेलं शेणखत, एक हिस्सा वाळू आणि नारळाचा भुसा मिळून. भोकांवर खापराचे तुकडे. नानांनी दोनदा विचारून पाठ केलं. परतताना म्हणाले, "म्हणजे माझी माती तिसरा हिस्साच."

"खाण्याचं काय मग?" मी विचारलं.

"बघू."

मंगळवारी गच्चीवर मातीचा ढीग पडला होता आणि नाना खोऱ्याने तो खालवर करत होते. बसचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

साडेतीन आठवड्यांनी त्यांनी पहिली मेथी खुडली, स्वतः निवडली आणि पातेलं माझ्या हातात दिलं. जेवताना त्यांनी एक भाकरी खाल्ली. मी दुसरी घेऊन उभी राहिले. हात आडवा आला नाही. जावई ताटात मान घालून बसला होता. त्याने वर पाहिलं असतं तर नानांचं आणि माझं, दोघांचंही बिंग फुटलं असतं.

चैत्रात, मेथीनंतर लावलेल्या दोडक्याचे वेल पाण्याच्या टाकीवर चढायला लागले. त्या दिवशी नानांनी स्वतःहून धारला फोन लावला. भाभींना म्हणाले, "चाबी आपके पास ही रहने दो. हफ्ते में एक बार खिड़कियाँ खोल देना. मेरा आना अभी नहीं होगा. यहाँ बेल को मांडव डालना है."