पटावरून कमी केलेलं नाव

ज्या पोरांना शिकायचंच नाही त्यांना खुशाल घरी जाऊ द्यावं, उगाच वर्ग कशाला अडवायचा, असं एक तरुण मास्तर परवा माझ्या ओटीवर बसून सांगत होता. निवृत्त बाई म्हणून लोक माझ्याकडे येतात, चहा पितात आणि आपलीच मतं मला ऐकवून जातात. एरवी मी हूं हूं करते. त्या दिवशी मात्र मी त्याला म्हटलं, बाबा रे, चहा संपव आणि जा. बिचारा खजील झाला. त्याची चूक काहीच नव्हती. तो बोलत होता ते अक्षरन् अक्षर मी तिशीत बोलत असे, त्याच्याहून मोठ्या आवाजात, आणि नुसती बोलून थांबले नाही. एका मुलीचं नाव मी माझ्या हातानं पटावरून कमी केलं. चौदाव्या वर्षी ती बोहल्यावर चढली आणि सतराव्या वर्षी, दुसऱ्या बाळंतपणात, गेली. आता मी काय मत देऊ?

एकोणीसशे तीसच्या आगेमागे मी रत्नागिरीत मुलींच्या मराठी शाळेत चौथीला शिकवत होते. माझा स्वभाव तेव्हाही तिखटच होता. त्याला कारण होतं, निदान मी तसं म्हणत असे. तेराव्या वर्षी माझं कपाळ पांढरं झालं. पुढची दोन वर्षं मी माजघरापलीकडच्या अंधाऱ्या खोलीत तांदूळ निवडत काढली. मग दादा सगळ्या भाऊबंदांशी भांडला आणि मला आगबोटीत घालून शिकायला घेऊन गेला. पंधरा वर्षांची घोडी मी, चिमुरड्या पोरींच्या शेजारी बसून बाराखडी गिरवली, हसणाऱ्यांचं हसू सोसलं, आणि शेवटी ट्रेनिंग घेऊन मास्तरीण झाले. मला जे रडून मिळालं ते दुसऱ्या कुणाला फुकट मिळतंय आणि ती जांभया देतेय, हे दिसलं की माझं डोकं फिरायचं. खरं सांगते, अगदी फिरायचं.

ती मुलगी अशी जांभया देणारी नव्हती, पण माझ्या लेखी तीच. तिचे वडील कचेरीत कारकून. मोठी ही, तिच्या पाठीवर आणखी चार मुली. वडील वाचनालयात जाणारे, सभांना पुढे बसणारे. एका गणेशोत्सवात ते स्वतः बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, माझी मुलगी जोवर शाळेत आहे तोवर तिच्या लग्नाचा विषय माझ्या घरात निघणार नाही. टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला मी बसले होते, मीही वाजवल्या. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. तिच्या वयाच्या मुलींची नावं तेव्हा धडाधड कमी होत. दिवाळीला गेलेली मुलगी तुळशीच्या लग्नानंतर डोईवर पदर घेऊन रस्त्यात भेटायची आणि मला बघून मान खाली घालायची. या माणसानं मात्र चार लोकांत शब्द दिला होता, आणि शब्द पाळणारा म्हणून त्याची गावात ख्याती होती. म्हणजे मुलीचं सगळं त्या एका गोष्टीवर होतं: पटावर नाव आहे तोवर लग्न नाही. हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणून मला आज सुटता येणार नाही.

तिसरीपर्यंत ती बरी होती म्हणे. माझ्याकडे चौथीत आली आणि बसली. बसली म्हणजे बसलीच. चौथी आमच्या शाळेतली शेवटची इयत्ता. पास झाली की दाखला घेऊन घरी. पहिल्या वर्षी ती नापास झाली, मी म्हटलं, होतं असं एखादीचं. दुसऱ्या वर्षीही नापास. तिसऱ्या वर्षी माझ्या वर्गात ती इतर पोरींपेक्षा वीतभर उंच, भिंतीला पाठ लावून शेवटच्या बस्करावर. काही विचारलं की उभी राहायची, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायची आणि गप्प. शिक्षणखात्याचे डिपोटीसाहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी नेमकं तिलाच सात नवे विचारले. सात नवे! पहिल्या बस्करावरची शेंबडी पोर ओठात पुटपुटत होती आणि ही खांबासारखी उभी. साहेब माझ्याकडे बघून हसले. ते हसणं मला महिनाभर झोंबत होतं.

एकदा काय झालं, मी त्रैराशिक घातलं होतं. फिरत फिरत मागे गेले तर हिच्या पाटीवर गणित सोडवलेलं, उत्तर बरोबर. मला बघताच तिनं तळव्यानं पाटी पुसली. मी म्हटलं, शेजारणीचं उतरवलंस होय गो? मी छडी दिली, दोन्ही हातांवर. संध्याकाळी घरी चूल फुंकताना माझ्या डोक्यात आलं की शेजारणीचं उत्तर तर चुकलेलं होतं. आलं आणि गेलं. मी भात वैरला आणि विसरून गेले. मास्तरणीला एकदा मुलगी ढ वाटली की मग तिची शुद्ध अक्कलही चोरीची वाटते.

तिची आई एकदा माझ्या बिऱ्हाडी आली होती, भर दुपारी, मागल्या दारानं. द्रोणात आमसुलं आणली होती. हाडाची काडं झालेली बाई, कडेवर धाकटी. मला वाटलं, आता मुलीला पास करा म्हणून गळ घालणार. तशा पुष्कळ यायच्या. ही खाली बघत म्हणाली, "बाई, ती नापास झाली तरी असू दे. पण बसू दे तिला." मी म्हटलं, अहो, शाळा काय बसायला असते? बसायला देवळाची पायरी आहे. ती आणखी काही बोलेल म्हणून मी थांबलेसुद्धा नाही, आमसुलं परत तिच्या हातात दिली. लाच घेत नाही असा तोरा होता मला. ती बाई नवऱ्याच्या शब्दाबद्दल परक्या बाईपाशी काय नि किती बोलणार होती? तिला जेवढं बोलता आलं तेवढं ती बोलली होती.

चैत्रातल्या परीक्षेला तिनं कोरा कागद दिला. कोरा म्हणजे वर नाव होतं, घोटीव अक्षरात, आणि खाली काही नाही. मी तो कागद घेऊन तणतणत मोठ्या बाईंकडे गेले. आमच्या मोठ्या बाई शांत, पोक्त. त्या म्हणाल्या, असू दे हो, पटावर एक नाव जास्त राहिलं तर आपल्यालाच बरं. मुलींची संख्या घटली की शाळेवर संकट यायचं, तेव्हा त्यांचं खोटं नव्हतं. पण माझ्या अंगाचा भडका उडाला. नुसती डोकी मोजायला मुली बसवायच्या काय, असं मी त्यांना विचारलं. जिला नको आहे तिला सोडावं, पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून माझे हात दुखले, असंही म्हटलं. मारून मुटकून कुणी शहाणं होत नाही, हे वाक्य तर मला फारच आवडायचं. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, की वडलांना बोलावून घ्या आणि मग तुम्हांला वाटेल तसं करा.

मी मुलीला आधी सांगितलं. म्हटलं, आता तुझी सुटका, उद्यापासून यायला नको. मला वाटलं होतं पोरगी हरखेल. तिचा चेहरा कागदासारखा झाला. तीन वर्षांत पहिल्यांदा ती आपणहून बोलली, की बाई, मी अगदी मागे बसते, मला काही विचारू नका, केर काढीन, पाणी भरीन, पण येते. मला तो निव्वळ हट्ट वाटला. अभ्यास नको, काम नको, घरचं रांधणं नको, नुसतं आयतं बसायला हवं! मी म्हटलं, जा गो, आईला मदत कर. ती गेली.

दुसऱ्या दिवशी वडील आले. डोक्यावर टोपी, काखेत छत्री, बोलणं मृदू. मी कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, तुमचं मत काय बाई? मी म्हटलं, तिचं मन नाही शिक्षणात, नाव कमी केलेलं बरं. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं नक्की. माणूस सुधारक आहे, घरी बसली म्हणून काय लगेच उजवणार आहे थोडाच, दोन वर्षं शिवण-टिपण शिकवील, असं माझ्या मनानं घेतलं होतं. चौदा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करायचं नाही, असा कायदाही नुकताच झाला होता. त्याचा आम्हां शिकलेल्या बायकांना कोण आनंद! तिला त्याच महिन्यात चौदा पुरी होत होती, हे मात्र पटावर माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेलं असून मी पाहिलं नाही. मी टाक घेतला, नावावर आडवी रेघ ओढली, शेऱ्यात लिहिलं, 'शिकण्याची इच्छा नाही'. त्यांनी नमस्कार केला आणि गेले.

पुरता महिनाही गेला नसेल. सुट्टी लागली होती. मी मोठ्या बाईंकडे काही कागद द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, कळलं का, तुमच्या त्या मुलीचं लग्न परवावर आलंय. चिपळुणाकडचा बिजवर, वय पस्तिशीचं, पदरी दोन मुलं. हुंडा नको म्हणाला, आणि मागे चार मुली असलेल्या माणसाला आणखी काय हवं?

मी तशीच उठले आणि भर उन्हात तिच्या घरी गेले. लग्नघरात माझ्यासारखीनं पुढल्या दारानं जायचं नसतं, म्हणून मागून गेले. अंगणात मांडवाचे वासे पडलेले, खळ्यात आंब्याची साटं वाळत घातलेली, बायकांची जाग. वडील मागल्या पडवीत आले. मी म्हटलं, माझं चुकलं, मी उद्या नाव परत घालते, हवं तर घरी येऊन शिकवते, पण हे थांबवा. त्यांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

"बाई, मी शब्द मोडलेला नाही," ते म्हणाले. "तीन वर्षं स्थळं परतवली. घरात, भावकीत, सगळ्यांचं ऐकून घेतलं. नाव तुम्ही कमी केलंत. मी दोनदा विचारलं होतं."

ते खरंच होतं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मी त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते. आता साखरपुडा झालाय, मोडता येत नाही, असं म्हणून ते हात जोडून आत गेले. बैल गेला नि झोपा केला, तशी मी त्या पडवीत उभी. पडवीच्या कडेला तिची आई भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

मी परसातून निघाले तर विहिरीवर ती. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत भरलेल्या, त्यामुळे राजू, म्हणजे कळशीचा दोर, ओढताना सारखा आवाज होत होता. मला बघून तिनं कळशी खाली ठेवली. मी म्हटलं, बायो, माझं चुकलं गो. अजून एक वर्ष तुला बसू द्यायला हवं होतं, मग कदाचित झाली असतीस पास.

ती म्हणाली, "नाही बाई. पुढच्या वर्षीही मी नापासच झाले असते."

मला एकदम समजलं नाही. मग समजलं. मी विचारलं, म्हणजे तुला येत होतं?

"सगळं येत होतं."

सात नवे, त्रैराशिक, तो कोरा कागद, सगळं. तीन वर्षं ही पोर माझ्या शिव्या आणि छड्या खात, डिपोटीपुढे मान खाली घालून, ढ म्हणवून घेत बसली होती. पास झाली की दाखला, आणि दाखला मिळाला की बोहलं. तेवढ्यासाठी. मला रडू फुटलं. मी रडत रडत तिला विचारलं, अगो, मग मला एकदा सांगितलं का नाहीस? मी काय तुझी वैरीण होते?

तिनं कळशी उचलून कमरेवर घेतली. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. "सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्ही मला पास केलं असतंत."

खरं बोलत होती ती. मी तिला पास केलंच असतं.