मिस्त्रीची पोरगी भिंती तपासते

गाव सोडलं त्या दिवशी आमच्या टेम्पोत सामान कमी आणि ज्वारीच जास्त होती. दोन पोती, एक ट्रंक, हंडा-कळशी, गोधड्या आणि आम्ही तिघं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आदल्याच दिवशी आपली हत्यारं शेजारच्या गावातल्या एका मिस्त्रीला देऊन टाकली होती. थापी, ओळंबा, गुण्या, छिन्न्या, सगळं. उभा जन्म दगडाचं काम केलेला माणूस ड्रायव्हरशेजारी हात मांडीवर ठेवून बसला आणि लातूर येईपर्यंत एकदाही मागे वळला नाही. मायने मात्र वळून पाहिलं. मग तिने ज्वारीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून काहीतरी खाली सारलं. मी आठ वर्षांची होते. मला वाटलं, ज्वारीला ओल लागली का ते बघत असेल.

भूकंपाला तेव्हा काही महिने झाले होते. तुमच्यापैकी जे तिकडचे आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, पण जे नंतर जन्मले त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचं गाव किल्लारीपासून जरा लांब, म्हणून सगळंच्या सगळं गेलं नाही. पण गेलं ते पुष्कळ होतं. आमच्याकडची घरं दगडमातीची, वर मातीचं जड माळवद, आणि भिंती अशा रुंद की खिडकीत मूल निजवावं. अशी भिंत बाहेरून एक दिसते, पण असतात त्या दोन. आत एक, बाहेर एक, आणि मधे भरलेली माती आणि धोंडे. या दोघींनी एकमेकींचा हात सोडू नये म्हणून मधून मधून भिंतीच्या रुंदीएवढा एक लांब दगड आडवा घालायचा असतो. तो मिळायला अवघड, घडवायला अवघड, आणि घातला तरी कुणी तुमचं नाव काढत नाही. म्हणून कित्येक जण घालत नसत. आबा घालत. मालक कुरकुरला तरी घालत. भिंत झाली की हातोडीने ठोकत ठोकत तिच्या कडेने चालत, आणि मला कान लावायला सांगत. बद्द आवाज आला की आत पोकळ, खणखणीत आला की भिंत धरून आहे. मला तो खेळ वाटायचा.

भूकंप झाला तेव्हा आम्ही उदगीरला मामाकडे होतो, म्हणून वाचलो. दुपारपर्यंत आबा गावात पोचले. आबांनी बांधलेलं शाळेतल्या गुरुजींचं घर उभं होतं. भिंतींना चिरा गेल्या होत्या, पण घरातली सातही माणसं आपल्या पायांनी बाहेर आली होती. त्याच गल्लीत आमचं घर जमीनदोस्त झालं होतं आणि गोठ्यातली म्हैस त्याखाली गेली होती. आमच्या भिंतीत एकही लांब दगड नव्हता.

गावाने आबांना एका शब्दाने टोचलं नाही, हे गावाच्या नावावर लिहून ठेवते. उलट गुरुजी आले, आबांचे दोन्ही हात धरून उभे राहिले. पण आबांना ते सोसलं नाही. मिस्त्रीचं घर पडलं, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. पुढे सरकारी इंजिनिअर आले, गावोगावच्या गवंड्यांना भिंती कशा बांधायच्या ते शिकवायला लागले, आबांना दोनदा बोलावणं आलं. आबांनी एकच उत्तर दिलं.

"आता दगडाला हात लावनार न्हाई."

लातूरला आबा एका क्लासच्या होस्टेलवर वॉचमन झाले आणि माय तिथल्याच मेसमध्ये पोळ्या लाटायला लागली. ते दिवस असे होते की लातुरात घरमालकापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे विद्यार्थ्यांवर जगत होते. जळकोटपासून धर्माबादपर्यंतची, किनवटच्या आश्रमशाळांतली पोरं ट्रंका घेऊन उतरायची. पहाटेपासून सायकलींची रांग लागायची. चौकाचौकात फ्लेक्सवर पहिल्या आलेल्यांचे फोटो असायचे आणि त्या फोटोंखाली दोनच धंदे लिहिलेले असायचे, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. जगात तिसरं कामच नव्हतं. ज्या पोरांना मायच्या हातची गरम पोळी लागायची, त्यातल्या एकालाही मोठेपणी आचारी व्हायचं नव्हतं.

मी वॉचमनची पोरगी म्हणून क्लासच्या सरांनी मला मागच्या बाकावर फुकट बसू दिलं. त्यांचे उपकार मी विसरले नाही. पण बारावीत मेडिकल थोडक्यात हुकलं. सर म्हणाले, रिपीट मार. माय म्हणाली, मार. होस्टेलमध्ये तर रिपीट मारणारी पोरं एवढी होती की मी चुकल्यासारखं कुणाला वाटलंही नसतं. मी मात्र घरी येऊन सांगितलं की मला नांदेडला सिव्हिल मिळतंय आणि मी जाणार. तेव्हा सगळ्यांना कॉम्प्युटर हवा होता. सिव्हिल म्हणजे उन्हात उभं राहायचं काम, त्यात पोरीची जात. पण आबांना ऊन खुपलं नव्हतं, भिंत खुपली होती. ज्या कामापासून ते पळून आले, पोरगी पुन्हा तिथेच निघाली होती. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट समोर ठेवलं तर जेवायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत.

मीही हट्टी. मी मायला म्हटलं, त्यांनी आपल्याच घराला लांब दगड घातले नाहीत, ती त्यांची चूक. मी शिकले तर त्यांचं काय जातं?

माय पीठ मळत होती. हात धुऊन आली आणि कोपऱ्यातल्या डब्यातून एक हातोडी काढून माझ्यापुढे ठेवली. गाव सोडताना ज्वारीत लपवलेली ती हीच. आणि मग तिने जे सांगितलं ते आबांनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरासाठी आबांनी दोन वर्षं खपून लांब दगड घडवले होते, अंगणात रचून ठेवले होते. गुरुजींच्या घराचं काम चालू असताना तिथे लांब दगड कमी पडले. पावसाळा तोंडावर होता, काम थांबवता येत नव्हतं. गुरुजीही म्हणत होते, लांब दगडांवाचून तसंच चालू द्या. आबांनी आपल्या अंगणातले दगड गाडीत घालून तिकडे नेले. आपल्या घराचं नंतर बघू म्हणाले. आमचं घर उरल्यासुरल्यातून उभं राहिलं.

"लोकायच्या घरात आपलं घर घातलं तुझ्या बापानं," माय म्हणाली. "आन् त्याला वाटतंय आपुन चुकलो."

मला रडू कोसळलं. आबांचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता आणि आठ दिवस मी त्यांच्याशी तोऱ्यात वागले याची लाजही तेवढीच वाटली. मी बाहेर जाऊन गेटजवळ त्यांच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसले. नवव्या दिवशी त्यांनीच माझी ट्रंक उचलली.

नांदेडच्या बसस्टँडवर उतरल्यावर त्यांनी मला एक वाक्य दिलं. माझी अख्खी नोकरी त्या वाक्यावर उभी आहे.

"बाई, बांधनारे लई हायती. तू बघायला शिक."

मी बघायलाच शिकले. नांदेडला वर्गात आम्ही तीनच मुली, आणि प्रॅक्टिकलला मी भिंतीला कान लावला की बाकीचे हसायचे. मग पुण्यात एका फर्ममध्ये जुन्या इमारतींची पाहणी केली आणि तिथून इथे, वेलिंग्टनला आले. इथली जमीनही आपल्यासारखीच हलते. हलली की कपाटातले कप वाजतात, मी दारात जाऊन उभी राहते आणि माझी पोरं मला हसतात. माझ्या पदाचं नाव एवढं लांब आहे की मायला मी भिंती बघते एवढंच सांगते. जुन्या दगडविटांच्या इमारती धक्क्याला टिकतील का ते तपासायचं, रिपोर्ट लिहायचा, नसतील टिकत तर सही करायची नाही. थोडक्यात, खोट काढण्याचा पगार मिळतो. घरचे म्हणतात, तो स्वभाव आधीपासूनच होता.

पहिल्याच वर्षी एक दगडी गोदाम तपासायचं होतं. ड्रॉइंगमध्ये भिंत आरपार बांधलेली दाखवली होती. माझे वरिष्ठ साठीचे, कामाचे पक्के गृहस्थ. त्यांचा ड्रॉइंगवर विश्वास होता. मी बॅगेतून मायने दिलेली हातोडी काढली आणि भिंतीच्या कडेने ठोकत चालले. आधी खणखणीत. मग एका पट्ट्यात बद्द, बद्द, बद्द. मी सांगितलं, इथे दोन्ही भिंतींना धरणारं काही नाही. ते म्हणाले, ड्रॉइंगमध्ये आहे. मी म्हटलं, भोक पाडून बघू. पाडलं, तर आतून भुगा बाहेर आला. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि मला विचारलं, हे कुठल्या युनिव्हर्सिटीत शिकवतात? मी म्हटलं, माझे वडील मिस्त्री आहेत. त्या क्षणी माझी मान जेवढी ताठ होती तेवढी डिग्री घेतानाही नव्हती.

आबांना फोन केला. इतर वेळी ते दोन वाक्यं बोलून फोन मायकडे देत. त्या दिवशी त्यांनी विचारलं, आवाज कसा आला. पट्टा किती रुंद होता. आता काय घालणार. मी सांगितलं, पोलादी सळया आरपार घालून दोन्ही बाजूंनी आवळणार.

"म्हंजी लांब दगडच की," आबा म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी मला हिशेब द्यावा लागतो. या आठवड्यात किती भिंती बघितल्या, कुठली नापास केली. पण स्वतः ते दगडाचं नाव काढत नव्हते. आता वॉचमनकी सोडून दोघंही गावाकडे, पुनर्वसनात मिळालेल्या दोन खोल्यांत राहतात. तिथे आखलेल्या सरळ रांगा आहेत, सगळी घरं सारखी. जुनी गल्ली मी तिथे कितीदा शोधली, सापडली नाही. म्हणून मला कुणी घर कुठलं विचारलं की मी अडखळायचे. पडलेलं सांगू, सरकारने दिलेलं, का हे वेलिंग्टनचं, लाकडाचं भाड्याचं?

गेल्या सुट्टीत गेले तर परसात खांद्याएवढी एक दगडी भिंत उभी होती. अख्खा गोठा नव्हे, गोठ्याची एकच बाजू, पण दगड नवा घडवलेला. मी मायकडे पाहिलं. ती म्हणाली, फोनवर सांगायचं नाही असा हुकूम होता. आबा हात मागे बांधून भिंतीच्या टोकाला उभे होते. साइटवर इन्स्पेक्शनच्या दिवशी मिस्त्री उभे राहतात, अगदी तसे.

"तपास," म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत. मग मी पर्समधून खडू आणि हातोडी काढली आणि सुरुवात केली. दगडावर दगड कसे बसवलेत, सांधे कसे फिरवलेत, लांब दगडाची तोंडं दोन्ही बाजूंना कशी दिसतात, बघत बघत, ठोकत गेले. सत्तरी पार केलेल्या हाताने, इतक्या वर्षांनंतर केलेलं काम, आणि ओळ कुठे हलली नव्हती. शेवटच्या कोपऱ्यापाशी आले आणि आवाज बद्द आला. पुन्हा ठोकलं. बद्दच.

हे सांगितलं तर हा माणूस पुन्हा हातोडी टाकून देईल आणि या वेळी उचलायला वय उरलेलं नाही. नाही सांगितलं, तर मी आजवर केलेल्या सगळ्या सह्या खोट्या. मी बराच वेळ तिथेच दगड बघत राहिले. मग खडूने फुली मारली.

"आबा, इथं लांब दगड न्हाई."

ते जवळ आले, फुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला काही कळेना.

"मुद्दाम सोडला व्हता," ते म्हणाले. "म्हनलं बघावं, माझी पोरगी बापाचं तोंड बघून पास करती का भिंत बघून."

मायने शेजारी पडलेलं पोतं बाजूला केलं. खाली तो दगड घडवून तयार ठेवलेला होता. कोपऱ्यातले वरचे थर आबांनी कोरडेच रचले होते, ते आम्ही दोघांनी उतरवले. इकडून त्यांनी धरलं, तिकडून मी, आणि दगड आडवा बसवला. थर परत चढवल्यावर आबांनी हातोडी माझ्याकडे दिली. मी ठोकलं. खणखणीत वाजला. फुली पुसून मी तिथे बरोबरची खूण केली आणि खाली सही केली, साइटवर करते तशी.

आता कुणी घर कुठलं विचारलं की मी अडखळत नाही. आमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात दोन्हीकडून दिसणारा एक दगड आहे. त्याचं आतलं टोक आबांनी धरलं होतं आणि बाहेरचं मी.