नानांनी भंगारात काढलेलं मशीन

प्रेमराज नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त होऊन एरंडोलला राहायला आले. केंद्रात ते स्टोअरमध्ये बल्ब आणि तारा मोजून देत. इथे मात्र स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेत. विंडोज वापरणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. कुणाचा चालता संगणक दिसला, की नाना त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकायला बसलेच. निम्मे त्यांनी बंद पाडले, आणि दोष प्रत्येक वेळी मालकाचा.

आमच्या वाचनालयाला एका बंद पडलेल्या टॉकीजचं तिकीटखिडकीवरचं मशीन देणगीत मिळालं. जाडजूड डबा, स्क्रीन त्यातच बसवलेला, आतले भाग कुठल्याही दुकानात न मिळणारे. विंडोज त्यावर रखडायचं. म्हणून ग्रंथपाल जीनतने नानांना बोलावलं. गावात दुसरं होतं कोण?

नानांनी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला. कंपनीचं चिन्ह आलं, काही ओळी सरकल्या आणि स्क्रीन काळा झाला. पुन्हा केलं, पुन्हा काळा. मग ते विजेला, धुळीला, बसायला दिलेल्या खुर्चीलासुद्धा शिव्या देत सुटले.

"नाना, कीबोर्डचा दिवा लागतोय की. मशीन चालू आहे, नुसतं चित्र येत नाही," जीनत म्हणाली.

"तुले काय समजस? हाई मरेल शे. भंगारमा टाकी देसू मी."

आणि मशीन मेलेलं ठरवून ते रिक्षात घालून घेऊनही गेले.

पुढे त्यांच्याकडे राहिलेली पुस्तकं आणायला जीनत घरी गेली. दार त्यांच्या पत्नीने, कमलबाईंनी उघडलं. समोर तेच मशीन, स्क्रीन लख्ख, आणि नाना क्रिकेट बघत बसलेले. लाजायचं सोडून त्यांनी व्याख्यानच सुरू केलं.

"याची डिस्प्ले चिप जुनी. लिनक्सला जमत नव्हती. सुरू होतानाच्या ओळीत नोमोडसेट हा शब्द जोडला, लगेच चित्र आलं. इंटरनेटवर एकाने सांगितलं. तोही अर्धवटच."

"म्हणजे मेलं नव्हतं."

"तुमच्या हाती राहिलं असतं तर मेलंच असतं!"

जीनतने मशीन बंद केलं, वायर काढली. कमलबाईंनी नवऱ्याकडे न बघता डब्याची दुसरी बाजू धरली आणि दोघींनी तो जीनतच्या रिक्षात ठेवला.

वाचनालयात मशीन पासवर्ड मागू लागलं. नाना फोन उचलेनात. शेवटी कमलबाईंनीच त्यांच्याकडून काढून तो कळवला. 'बठ्ठा गाढव', म्हणजे सगळे गाढव. पेपर वाचत बसलेल्यांसमोर जीनतने तो मोठ्याने उच्चारत टाइप केला. हसण्याने वाचनालय दणाणलं. मशीन उघडलं, तिने पासवर्ड बदलला आणि कामाला लागली.

आता नाना चहाच्या टपरीवर सांगतात, वाचनालयाला मशीन मीच दुरुस्त करून दिलं. लोक चहा पितात, हो हो म्हणतात. आपला संगणक मात्र कुणी त्यांच्या हाती लागू देत नाही.